बांगड्याच्या स्नायूतलं एलडीएच मोजताना

सकाळी बाजारातून आणलेला बांगडा संध्याकाळपर्यंत वहीतल्या एका आकड्यावर आणायचा, म्हणजे त्याच्या स्नायूत एलडीएच नावाचं एन्झाइम किती आहे ते काढायचं, एवढंच काम आहे. ते अवघडही नाही. पण त्यात एक खोड आहे: काम चुकलं तरी यंत्र आकडा देतंच. ‘हे काही खरं नाही’ असं स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं हे यंत्र, कधी म्हणत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक प्रश्न स्वतःला विचारत राहायचा. पडद्यावर दिसतोय तो उतार नेमका कुणाचा? एन्झाइमचा, की दुसऱ्याच कशाचा?

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडून एमएस्सीला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी हेच तोंडी सांगतो. यंदा लिहून काढलं. शाळेत ज्याला आपण विकर म्हणत होतो, तेच हे एन्झाइम. प्रयोगशाळेत विकर कुणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही.

कशाचं मोजमाप करायचं

पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं लॅक्टेट डीहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच, घ्यावं असं माझं मत आहे. स्नायूत ते भरपूर असतं, तसं दणकट असतं, आणि त्याची रसायनं महिन्याच्या खर्चात बसतात. ते पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं आणि ते करताना एनएडीएचचं (पेशीत हायड्रोजन वाहून नेणाऱ्या रेणूचं) एनएडी होतं. बांगडा जाळ्यातून निसटायला किंवा मोठ्या माशापासून पळायला एकदम झेप घेतो, तेव्हा पांढऱ्या स्नायूला प्राणवायू पुरत नाही. ग्लुकोज फोडण्याची साखळी चालू राहायला एनएडी परत मिळावं लागतं, आणि ते एलडीएच पुरवतं. त्यामुळे झेप घेणाऱ्या माशांच्या पांढऱ्या स्नायूत हे एन्झाइम खच्चून भरलेलं असतं. ‘खच्चून’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यानंच माझी फजिती केली.

आपण लॅक्टेट मोजत नाही, एनएडीएच संपताना बघतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून घेतं, एनएडी त्या तरंगलांबीला जवळजवळ काहीच शोषत नाही. त्यामुळे प्रक्रिया जसजशी पुढे जाते तसतसं शोषण उतरत जातं, आणि हा उतार जितका तीव्र तितकं एन्झाइम जास्त. ओटो वारबुर्गच्या प्रयोगशाळेनं १९३० च्या दशकात ही युक्ती रूढ केली. आजही दवाखान्यांतल्या अनेक रक्ततपासण्या याच ३४० वर चालतात. एक मिलीमोलर एनएडीएचचं एक सेंटिमीटर रुंद क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या चौकोनी पारदर्शक नळीत) शोषण ६.२२ येतं. हा आकडा पाठ करा, अख्खा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

बांगडा आणताना

पणजी किंवा म्हापशाच्या बाजारातला बांगडा चालतो, पण तो बर्फात किती तास पडून आहे हे तुम्हाला कळत नाही. विकणाऱ्या बाईला विचारलंत तर ‘आताचोच’ असंच उत्तर मिळणार! त्यापेक्षा कोलवा-बाणावलीच्या बाजूला पहाटे रापण, म्हणजे मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढतात तिथे उभं राहावं. मासा डोळ्यांसमोर वर येतो आणि वेळ तुमच्या घड्याळानं लिहिता येते. सगळे नमुने एकाच जागचे, एकाच वेळचे, साधारण एकाच लांबीचे घ्या. एक बाजारातला आणि एक रापणीचा अशी सरमिसळ केलीत तर पुढे दिसणारा फरक माशांचा की बर्फाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

वेळापत्रक आखताना १ जून ते ३१ जुलै सोडून द्या. त्या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बाजारात येणारा बराच मासा बाहेरचा, लांबून आलेला असतो. २०१८ च्या जुलैत फॉर्मलिनवरून गोव्यात जो गदारोळ झाला तो अजून सगळ्यांना आठवतो. खाणाऱ्यांची चिंता वेगळी, आपली वेगळी. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, आणि तसा मासा हाती आला तर एन्झाइमचा उतार कमी दिसेल. तुम्ही बिचारे पिपेटला दोष देत बसाल.

मासा धुऊन, पिशवीत घालून, मग पिशवी बर्फात ठेवा. बर्फाच्या पाण्यात थेट बुडवू नका. स्नायू पाणी पितो, वजन वाढतं आणि ‘प्रति ग्रॅम’ हा आकडा तिथेच खोटा ठरतो. जिवंत मासे आणून स्वतः मारायचे असतील तर आधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे जा, आणि माणसाचं रक्त वापरायचं असेल तर परवानगी आणि लेखी संमती दोन्ही लागतात. मेलेला बांगडा त्या मानानं निरुपद्रवी. घरी हुमणासाठी न्यायचे असतील तर ते बाजारातच वेगळे काढा. एकदा प्रयोगशाळेत शिरलेला मासा स्वयंपाकघरात जात नाही.

स्नायू काढणं आणि कुटणं

बांगडा साफ केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की कातडीखाली, अंगाच्या मध्यरेषेवर, काळपट-लाल मांसाची पट्टी असते. ती तांबड्या स्नायूची. संथ, सतत पोहण्याचं काम तिचं, आणि तिच्यात मायटोकॉन्ड्रिया जास्त. आपल्याला हवाय तो पांढरा स्नायू: डोक्यामागे, पाठीकडचा, मध्यरेषेपासून दूरचा. दोन्हींतलं एलडीएच सारखं नसतं. एका माशातून निव्वळ पांढरा आणि दुसऱ्यातून थोडा तांबडा मिसळलेला तुकडा घेतलात तर तो फरक जिवंत माशातला नाही, तुमच्या सुरीचा. सुरुवातीचे दोन मासे फक्त कापायचा सराव म्हणून वाया घालवा. ते वाया जात नाहीत.

२०० मिलिग्रॅम स्नायू मोजा आणि आकडा तिथल्या तिथे लिहा. त्यात १.८ मिलिलीटर थंड बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून बर्फावर कुटा. काचेचा होमोजेनायझर असेल तर उत्तम, नसेल तर थंड केलेला खल-बत्ता. सलग कुटत राहिलात तर घर्षणानं मिश्रण तापतं. दहा-पंधरा सेकंद कुटा, तितकाच वेळ थांबा, पुन्हा कुटा. मग ४ अंशांना, १०,००० जी वर, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज. इथे नवखे लोक जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) आणि आरपीएम (मिनिटाला किती फेरे) एकच समजतात. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९०० जी, दुसऱ्या रोटरला वेगळंच काही. वहीत जी लिहा. वरचं निवळ पाणी, म्हणजे सुपरनेटंट, काढून बर्फावर ठेवा. वर तरंगणारा चरबीचा थर मात्र टाळा. पावसाळ्यानंतरचा बांगडा चांगला तेलकट असतो आणि तेलाचा गढूळपणा ३४० ला उगाच शोषण वाढवतो.

हा अर्क त्याच दिवशी वापरा. साठवायचंच असेल तर अर्क साठवू नका, स्नायूचे छोटे तुकडे उणे ८० ला ठेवा. स्नायूतलं एलडीएच गोठवणं-वितळवणं एकदा सहन करतं, पण प्रत्येक फेरीत काहीतरी जातंच. आणि पावसाळ्यात वीज गेली तर फ्रीझर जनरेटरवर आहे का, हे आधी विचारून घ्या. नमुने वितळल्यावर विचारून उपयोग नसतो.

रसायनं

बफर: १०० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७.४. डायसोडियम आणि मोनोसोडियम फॉस्फेटची सारख्याच तीव्रतेची द्रावणं साधारण ८१ ला १९ या प्रमाणात मिसळली की पीएच ७.४ च्या आसपास येतो, मग मीटरवर नेमका करा. ट्रिसही चालतं, पण त्याचा पीएच तापमानागणिक सरकतो, दर अंशाला सुमारे ०.०३. थंड खोलीत ७.४ केलेलं ट्रिस बाहेर ३० अंशांच्या उकाड्यात ७.४ राहत नाही. म्हणून नवख्यांना मी फॉस्फेटच देतो.

एनएडीएच: १० मिलीमोलर. डायसोडियम मीठ घेतलं तर ७.१ मिलिग्रॅम एका मिलिलीटरमध्ये. हे आम्लात विघटतं, किंचित अल्कली द्रावणात जास्त टिकतं. त्यामुळे आम्लधर्मी पाण्यात विरघळवू नका, रोजच्या रोज ताजं करा, अंधारात आणि बर्फावर ठेवा.

पायरुव्हेट: सोडियम मीठ, १०० मिलीमोलर, म्हणजे ११ मिलिग्रॅम एका मिलिलीटरमध्ये. तेही ताजंच हवं. जुन्या द्रावणात पायरुव्हेटचे रेणू एकमेकांशी जुळतात आणि तुम्ही मोजलेली तीव्रता प्रत्यक्षात नसते.

किनाऱ्यावर राहण्याची किंमत इथे मोजावी लागते. फ्रीझरमधून काढलेली एनएडीएचची बाटली लगेच उघडली की हवेतलं बाष्प आत थंड पावडरवर जमतं. ओलं एनएडीएच नुसतं खराब होत नाही, त्यात एलडीएचलाच अडवणारे पदार्थ तयार होतात. बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी, मगच झाकण फिरवा. जुलैत तर हा नियम मोडायचाच नाही. बाटली मोठी घेऊ नका. स्वस्त पडते म्हणून घेतलेली मोठी बाटली दहाव्यांदा उघडेपर्यंत बाद झालेली असते.

क्युव्हेटमध्ये

यंत्र अर्धा तास आधी चालू करा, दिवा स्थिर व्हायला हवा. बऱ्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ड्युटेरियम आणि टंगस्टन हे दोन दिवे ३४० च्या जवळपासच बदलतात, आणि नेमक्या आपल्या तरंगलांबीला वाचन थरथरतं. सेटिंगमध्ये हा बदल थोडा अलीकडे-पलीकडे सरकवता येतो, तो सरकवा. प्लॅस्टिकचं क्युव्हेट ३४० ला चालतं का, हे डबीवर बघा. साधं पॉलिस्टायरीन अगदी काठावर असतं. क्वार्ट्झ असेल तर प्रश्नच नाही, फक्त फोडू नका.

तापमान ठरवा आणि पाळा. मी २५ अंश धरतो. एन्झाइमचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो असं धरलं, तर पाच अंशांच्या फरकानं वेग सुमारे ४१ टक्क्यांनी बदलतो. एसी चालू असताना मोजलेले मासे आणि वीज गेल्यावर मोजलेले मासे एका तक्त्यात बसत नाहीत. क्युव्हेटचा कप्पा तापमान राखणारा हवा आणि बफरही आधी त्याच तापमानाला आणलेला हवा. आपल्याकडचा आणखी एक घोळ असा की एसी नसलेल्या खोलीत, भर पावसात, हवेचा दवबिंदूच २४-२५ अंशांच्या आसपास असतो. बर्फावरून काढलेल्या बफरनं क्युव्हेटच्या बाहेर धुकं धरतं. शोषण वाढल्यासारखं दिसतं, मग धुकं विरतं तसं उतरत जातं. अगदी एन्झाइमसारखा सुबक उतार! क्युव्हेट पुसा, उजेडाकडे धरून बघा, मगच आत ठेवा.

आता मिश्रण, एकूण एक मिलिलीटर:

बफर ९६० मायक्रोलीटर
एनएडीएच २० मायक्रोलीटर
पातळ केलेला अर्क १० मायक्रोलीटर
पायरुव्हेट १० मायक्रोलीटर, सगळ्यात शेवटी

अर्क घालायच्या आधी, बफर आणि एनएडीएच असतानाच एकदा वाचन घ्या. ०.२ मिलीमोलर एनएडीएचला ते १.२४ च्या जवळ यायला हवं. ०.८ आलं तर एनएडीएच कमी पडलंय किंवा खराब झालंय, तिथेच थांबा. मग अर्क घाला, तोंडाला पॅराफिल्म (ताणून बसवायचा मेणाचा पातळ पापुद्रा) लावून दोन-तीनदा उलटं-सुलटं करा आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. पायरुव्हेट नाही, म्हणजे एलडीएच काम करू शकत नाही. तरीही शोषण थोडं उतरेल, कारण कच्च्या अर्कात एनएडीएच खाणारी इतर एन्झाइमं असतात. हा पार्श्वभूमीचा उतार लिहून ठेवा. आता पायरुव्हेट घाला, पटकन मिसळा, झाकण लावा आणि तीन मिनिटं, दर १५ सेकंदांनी वाचन.

पायरुव्हेट शेवटी घालण्याचं कारण एवढंच, की पार्श्वभूमी त्याच क्युव्हेटमध्ये मिळते. काहीजण अर्क शेवटी घालतात. चूक नाही, पण मग पार्श्वभूमीसाठी वेगळं क्युव्हेट लावावं लागतं आणि घाईच्या दिवशी तेच राहून जातं.

उतार शून्य दिसतो तेव्हा

माझ्या पहिल्या दिवशी आलेख आडवा होता. ०.०५ वर सपाट रेघ, तीन मिनिटं. मी ठरवून टाकलं की एन्झाइम मेलं. बर्फ कमी पडला असेल, मासा शिळा असेल. दुसरा बांगडा कुटला, पुन्हा सपाट. तिसरा कुटला. चार दिवस गेले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका वरिष्ठ ताईनं आलेखाकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, ‘सुरुवात १.२ वरून का नाही रे?’

मी अर्क पातळ न करता ५० मायक्रोलीटर घालत होतो. त्या अर्कात एवढं एलडीएच होतं की सगळं एनएडीएच साधारण सहा सेकंदांत संपत होतं. मी पॅराफिल्म लावून, क्युव्हेट पुसून, झाकण बंद करेपर्यंत खेळ खलास झालेला असायचा. अति एन्झाइम आणि शून्य एन्झाइम पडद्यावर हुबेहूब सारखं दिसतं. फरक फक्त रेघेच्या उंचीत असतो. एन्झाइम नसेल तर रेघ १.२ वर सपाट, एन्झाइम अति असेल तर तळाशी सपाट. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार दिवस आणि तीन बांगडे वाचले असते.

त्यामुळे पातळ करणं ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. पहिल्या माशाचा अर्क २० पट, १०० पट, २०० पट असा तीन प्रकारे पातळ करून बघा. मिनिटाला ०.०३ ते ०.१५ यांच्या दरम्यान उतार देणारी पातळी निवडा. याहून कमी असेल तर पार्श्वभूमीत हरवतो, याहून जास्त असेल तर सुरुवातीचा सरळ भाग हातातून निसटतो. आणि निवडलेल्या पातळीवर एकदा ५, १० आणि २० मायक्रोलीटर अर्क घालून बघा (बफर त्या प्रमाणात कमी-जास्त करून). दुप्पट अर्काला दुप्पट उतार आला पाहिजे. येत नसेल तर तुम्ही जे मोजताय ते एन्झाइमचं प्रमाण नाही.

उतार घेताना फक्त सुरुवातीचा सरळ भाग घ्या. रेघ वाकायला लागली की तिथून पुढे एनएडीएच संपत चाललंय. सॉफ्टवेअर सगळ्या तीन मिनिटांची सरासरी सरळ रेघ काढून देतं आणि नवखा ती मुकाट्यानं उतरवून घेतो. डोळ्यांनी बघा, पट्टी लावा हवी तर.

उतार कुणाचा, याची खातरजमा

तीन साधी क्युव्हेटं लावली की बहुतेक शंका मिटतात. एकात अर्क नाही, बाकी सगळं आहे: इथे उतार दिसला तर एनएडीएच आपोआप जातंय किंवा क्युव्हेट मागच्या प्रयोगानंतर नीट धुतलेलं नाही. दुसऱ्यात ९५ अंशांना दहा मिनिटं ठेवून मग सेंट्रिफ्यूज केलेला अर्क: इथे उतार मेलाच पाहिजे. तिसऱ्यात ऑक्झामेट. हा पदार्थ दिसायला पायरुव्हेटसारखा, एलडीएचच्या त्याच जागी जाऊन बसतो आणि काम करू देत नाही. ऑक्झामेट घातल्यावर उतार दणकून कमी झाला, तर तो एलडीएचचाच होता. रोज लावायची गरज नाही, पण नवीन ऊती हातात घेतलीत की एकदा जरूर लावा.

पायरुव्हेट जास्त घातलं की काम जोरात होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. जास्त पायरुव्हेट एलडीएचलाच अडवतं. एलडीएच चार तुकड्यांचं बनलेलं असतं. स्नायूत मुख्यतः एम प्रकारचे तुकडे असतात, हृदयात एच प्रकारचे, आणि एच प्रकार पायरुव्हेटच्या गर्दीनं लवकर गुदमरतो. पांढऱ्या स्नायूला १ मिलीमोलर ठीक आहे. बांगड्याचं हृदय मोजायला घेतलंत तर ०.१ पासून वर जात स्वतः बघून ठरवा. स्नायूची रेसिपी हृदयाला लावून ‘हृदयात एलडीएच कमी’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे.

हिशेब

समजा पायरुव्हेटनंतरचा उतार मिनिटाला ०.१२८ आणि पार्श्वभूमी ०.००४. उरला ०.१२४. त्याला ६.२२ नं भागलं की ०.०२ मिलीमोलर प्रति मिनिट, म्हणजे एक मिलिलीटरच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.०२ मायक्रोमोल. मिनिटाला एक मायक्रोमोल बदलणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट, तेव्हा आपल्या क्युव्हेटमध्ये ०.०२ युनिट आहे. ते आलं १० मायक्रोलीटरमधून, म्हणजे पातळ अर्काच्या मिलिलीटरमध्ये २ युनिट. अर्क २० पट पातळ केला होता, म्हणजे मूळ अर्कात ४०. स्नायू दहा पट केला होता (२०० मिलिग्रॅमचे २ मिलिलीटर), म्हणजे ग्रॅमला ४०० युनिट. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या बांगड्यानं तेच द्यावेत असा त्याच्यावर दबाव नको.

चुका बहुतेक याच साखळीत होतात. २० पट पातळ म्हणजे एक भाग अर्क आणि १९ भाग बफर, २० भाग बफर नव्हे. एसआय पद्धतीचं एकक कॅटल आहे, सेकंदाला एक मोल. १९९९ मध्ये त्याला अधिकृत स्थान मिळालं तरी प्रयोगशाळेत सगळे युनिटच बोलतात. प्लेट रीडर वापरत असाल तर ६.२२ सरळ वापरू नका. ९६ घरांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलीटरची उंची एक सेंटिमीटर नसते, अर्ध्याहून थोडीच जास्त असते. ती मोजून किंवा यंत्राच्या सोयीनं दुरुस्त करा.

प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे किती युनिट, हेही लोक विचारतात. त्यासाठी ब्रॅडफर्ड पद्धत पुरते: मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ मध्ये दिलेली, कूमासी रंग आणि ५९५ नॅनोमीटर. अर्क पातळ करा, बीएसए या ठरावीक प्रथिनाचा मानक आलेख त्याच दिवशी काढा, आणि आलेखाच्या बाहेर गेलेला नमुना अंदाजानं वाचू नका, आणखी पातळ करून परत मोजा. अर्कात ट्रायटनसारखा डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्ड गंडतं. मूळ अर्कात मिलिलीटरला ८ मिलिग्रॅम प्रथिन निघालं तर वरच्या उदाहरणात मिलिग्रॅममागे ५ युनिट. मी स्वतः दोन्ही आकडे देतो, कारण ग्रॅमच्या आकड्यात पाण्याचा खोट असू शकतो आणि प्रथिनाच्या आकड्यात ब्रॅडफर्डचा. दोन्ही एकाच दिशेनं बोलले तरच मला धीर येतो.

तीन वेळा मोजलं म्हणजे तीन मासे नव्हेत

एकाच अर्काची तीन क्युव्हेटं लावली तर तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं. एकाच बांगड्याचे तीन तुकडे कुटले तर तुमचं कापणं आणि कुटणं किती सारखं आहे ते कळतं. बांगड्यांबद्दल काही बोलायचं असेल तर मासे वेगवेगळे हवेत. दोन माशांचे प्रत्येकी सहा वाचन घेऊन ‘नमुने १२’ लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून तो क्षण समोरच्यासाठी फार वाईट असतो. प्रत्येक माशाची तीन वाचनं घ्या, त्यांची सरासरी काढा, आणि तो मासा म्हणजे एक आकडा. मोजण्याचा क्रमही मिसळा. सकाळी सगळे रापणीचे आणि दुपारी सगळे बाजारातले असं केलंत तर दुपारपर्यंत उतरलेला एनएडीएचचा दर्जा बाजाराच्या माथी बसतो.

दुसरे नमुने, थोडक्यात

रक्तद्रवातलं एलडीएच याच पद्धतीनं निघतं, पण तांबड्या पेशी फुटल्या की सगळं बिघडतं. त्यांच्यात द्रवापेक्षा शंभरपटीहून जास्त एलडीएच असतं. द्रव किंचित गुलाबी दिसला तरी नमुना टाका. शिवाय रक्तद्रवातले एलडीएचचे काही प्रकार थंडीत कमजोर होतात, म्हणून स्नायूची ‘सगळं बर्फावर’ ही सवय तिथे जशीच्या तशी नेऊ नका.

तांबड्या स्नायूचं खरं बळ बघायचं असेल तर सिट्रेट सिंथेज मोजा. ते मायटोकॉन्ड्रियात असतं, तेव्हा पडदे फोडावे लागतात, आणि वाचन डीटीएनबी नावाच्या रंग आणणाऱ्या रसायनासह ४१२ ला घेतात. तो बेत असेल तर कुटायच्या बफरमध्ये डीटीटी (प्रथिनं जपायला घालतात ते रसायन) घालू नका. डीटीटी थेट डीटीएनबीशी भिडतं आणि क्युव्हेट एन्झाइमशिवायच पिवळंधमक होतं.

वहीत आणि बेसिनवर

‘एलडीएच ४०० युनिट प्रति ग्रॅम’ एवढंच लिहिलेलं पान सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडत नाही. शेजारी तापमान, पीएच, बफर, पायरुव्हेट आणि एनएडीएचची तीव्रता, किती पट पातळ केलं, मासा कधी मेला आणि कधी कुटला, एनएडीएचची बाटली कोणत्या तारखेला उघडली, हे सगळं हवं. त्या दिवशी वीज गेली असेल तर तेही लिहा.

क्युव्हेट ताबडतोब भरपूर पाण्यानं आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन टिश्यूवर उलटे ठेवा. वाळलेलं प्रथिन काचेला चिकटून बसतं. ब्रॅडफर्डचा निळा डाग हातमोज्याशिवाय काम केलंत तर दोन दिवस बोटांवर राहतो. आणि डोकी, काटे, आतडी त्याच संध्याकाळी बाहेरच्या कचऱ्यात गेली पाहिजेत. शुक्रवारी विसरलात तर सोमवारी सकाळी दार उघडणारा कोण आहे, ते आधी बघून ठेवा.